शेअर केलेल्या फोल्डरची यादी प्रत्येक संगणकावर वेगळी का दिसते: नवख्यांसाठी तपासणीचा क्रम

इंदुरातील लहान मराठी संस्थांची कार्यालये, सनदी लेखापालांची दफ्तरे आणि छापखाने यांत आता साधारण एकच मांडणी आढळते: हिशेबाला विंडोज, पानांच्या रचनेला मॅक, आणि राउटरशेजारी ठेवलेली एक नॅस पेटी, म्हणजे नेटवर्कवरून सर्वांना वापरता येणारी साठवणपेटी, जिच्या आत बहुतेक वेळा लिनक्स आणि त्यावर चालणारा, विंडोज-मॅकला फाइली पुरवणारा सांबा हा सर्व्हर असतो. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे काम सुरू झाले की हे तिन्ही संगणक एकाच फोल्डरवर येतात आणि तक्रारींनाही तेव्हाच सुरुवात होते. कोणाला 'झाँकी' फोल्डरात चाळीस छायाचित्रे दिसतात, कोणाला अठ्ठावीसच; एखाद्या लेखाच्या जागी न वाचता येणारे सांकेतिक नाव येते; तर कधी एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी उभ्या असतात, जे खरे तर शक्यच नसायला हवे. ज्यांच्याकडे या व्यवस्थेची देखभाल नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी हा तपासणीचा क्रम लिहिला आहे.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. पडद्यावर दिसणारी यादी म्हणजे फोल्डर नव्हे. डिस्कवर नोंदलेले नाव आधी सर्व्हरच्या प्रोग्रामकडे, तेथून नेटवर्कच्या भाषेत तुमच्या संगणकाकडे आणि शेवटी विंडोजच्या एक्सप्लोरर किंवा मॅकच्या फाइंडरच्या खिडकीत येते. या प्रत्येक टप्प्यावर नाव बदलले जाऊ शकते, लपवले जाऊ शकते किंवा जुनेच पुन्हा दाखवले जाऊ शकते. सगळी तपासणी म्हणजे नाव नेमक्या कोणत्या टप्प्यावर बदलले ते शोधणे एवढीच आहे.

सुरुवात: हात न लावता पाहणे

विचित्र दिसणारी फाइल पुसू नये आणि तिचे नावही लगेच बदलू नये. प्रथम यादीचे छायाचित्र घ्यावे, आणि संगणक कोणता, कोणत्या नावाने लॉगिन केले होते, शेअर (म्हणजे सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर) सर्व्हरच्या नावाने उघडला होता की आयपी पत्त्याने, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या अंकी पत्त्याने, आणि वेळ काय होती, हे कागदावर लिहावे. आयपी पत्त्याचा उल्लेख अकारण केलेला नाही, त्याचे कारण पुढे येईल.

त्यानंतर तोच फोल्डर थेट सर्व्हरवर पाहावा. नॅसच्या वेबपानावर फाइल व्यवस्थापक असतोच. टर्मिनल वापरण्याची सवय असेल तर तेथे 'एलएस' ही कमांड द्यावी, आणि ठिपक्याने सुरू होणारी नावेही दिसावीत म्हणून तिला 'ए' हा पर्याय जोडावा. सर्व्हरवर यादी ठीक असून एकाच संगणकावर बिघडलेली दिसत असेल, तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या लॉगिनमध्ये आहे. सर्व विंडोजवर बिघडलेली आणि सर्व मॅकवर ठीक, किंवा याच्या उलट असेल, तर नाव मधल्या भाषांतरात बदलत आहे. सर्व्हरवरच ते विचित्र असेल, तर तेथे ते कोणी आणि कोठून आणले हे शोधावे लागेल. या पाहणीला पाच मिनिटे लागतात आणि तिने बहुतेक शक्यता बाद होतात. तरीही ती वगळून थेट संगणक बंद-चालू करण्याकडे लोकांचा ओढा का असतो, हे मला उलगडलेले नाही.

फाइली कमी दिसतात

यातले सर्वांत साधे कारण म्हणजे शिळी यादी. विंडोज शेअरवरील फोल्डरची यादी सुमारे १० सेकंद स्वतःजवळ ठेवते, आणि 'अशी फाइल नाही' हे उत्तरही ५ सेकंद लक्षात ठेवते. लिनक्सवर एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीने शेअर जोडला असेल, तर फोल्डरची माहिती ३० ते ६० सेकंद जुनी असू शकते. म्हणून शेजारच्या टेबलावरून आत्ताच ठेवलेली फाइल दिसत नसल्यास मिनिटभर थांबून एफ५ दाबावे. त्यानंतरही ती दिसली नाही तरच पुढे जावे. विंडोजमध्ये 'ऑफलाइन फाइल्स' ही सोय चालू राहिली असेल, तर मात्र थांबून काही होत नाही, कारण तो संगणक सर्व्हरकडे न जाता आपल्या डिस्कवरची जुनी प्रत दाखवत असतो. 'सिंक सेंटर' उघडून ते पाहता येते.

दुसरे कारण अधिकारांचे. ज्या फाइली वाचण्याची परवानगी नाही, त्या यादीत दाखवूच नयेत अशी सोय विंडोज सर्व्हरमध्ये आणि सांबामध्येही आहे. ती चालू असली की कोठेही 'परवानगी नाही' असा संदेश येत नाही. फाइली नुसत्या दिसत नाहीत, आणि नवख्या माणसाला त्या हरवल्यासारखे वाटते. येथेच आयपी पत्त्याची गोष्ट येते. विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच लॉगिनने जोडलेली राहते, परंतु सर्व्हरचे नाव आणि त्याचा आयपी पत्ता यांना ती दोन वेगळे सर्व्हर समजते. त्यामुळे नावाने उघडलेला शेअर खजिनदाराच्या लॉगिनने आणि पत्त्याने उघडलेला तोच शेअर सामान्य लॉगिनने चालू असू शकतो, आणि एकाच संगणकावर, एकाच क्षणी, एकाच फोल्डरच्या दोन वेगळ्या याद्या दिसतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' ही कमांड दिल्यास चालू जोडण्या दिसतात. 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये साठवलेली जुनी लॉगिने काढून सर्वांनी नावानेच शेअर उघडावा, हे उत्तम.

पूर्ण सर्व्हरच दिसत नसेल, तर तो प्रश्न निराळा आहे. विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून एसएमबी १ ही फाइली शेअर करण्याची जुनी नेटवर्कभाषा मूळ स्थितीत बसवली जात नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो आवृत्तीतही पासवर्डविना 'गेस्ट' प्रवेश बंद असतो. अशा वेळी एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नये. नॅसचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावे.

नावाच्या जागी संकेत

विंडोजवर एखाद्या फाइलचे नाव सहा-सात इंग्रजी अक्षरे-अंक आणि मध्ये '~' असे दिसत असेल, तर तो विषाणू नाही. विंडोजला नावात काही चिन्हे चालत नाहीत: दोन्ही तिरप्या रेघा, अपूर्णविराम, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन्ही टोकदार कंस आणि उभी रेघ. नावाच्या शेवटी पूर्णविराम किंवा मोकळी जागा असलेलीही तिला चालत नाही. लिनक्सला मात्र तिरपी रेघ सोडता यांतले सगळे चालते. असे नाव विंडोजला दाखवण्याची वेळ आली की सांबा त्याचे छोटे सांकेतिक रूप तयार करतो, आणि मूळ नाव देवनागरीत असेल तर पहिल्या अक्षराच्या जागी अधोरेषा दिसते. फाइलच्या आतला मजकूर सुरक्षित असतो.

मराठी कार्यालयात याचे नेहमीचे कारण म्हणजे विसर्ग. विसर्गाची कळ सापडत नाही म्हणून 'नि:शुल्क', 'अंत:करण', 'पुन:प्रकाशन' असे शब्द अपूर्णविराम वापरून लिहिण्याची सवय फार जुनी आहे. विंडोजवर तसे नाव देताच येत नाही, म्हणून तेथे चूक होत नाही. परंतु लिनक्सच्या संगणकावर किंवा नॅसच्या वेबपानावरून फोल्डर तयार केला तर ते नाव निमूट स्वीकारले जाते, आणि 'नि:शुल्क नेत्रशिबिर' हा फोल्डर विंडोजवाल्यांना संकेतात दिसू लागतो. उपाय सोपा आहे: सर्व्हरवर जाऊन अपूर्णविरामाच्या जागी खरा विसर्ग टाकावा.

मॅकचे प्रकरण याहून थोडे गुंतागुंतीचे आहे. फाइंडर अपूर्णविराम घेत नाही, पण तिरपी रेघ घेतो, आणि पडद्यामागे ती अपूर्णविराम म्हणूनच साठवतो. त्यामुळे मॅकवर 'जमा/खर्च' असे नाव दिले, की शेअरवर पाठवताना तो त्या चिन्हाच्या जागी युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, खासगी वापरासाठी राखलेल्या भागातले एक चिन्ह घालतो. मॅकवर पुन्हा पाहिले तर नाव अगदी बरोबर दिसते. विंडोज आणि लिनक्सवर मात्र त्या जागी चौकोन किंवा ठिपका येतो. सांबामध्ये मॅकसाठी 'फ्रूट' आणि चिन्हांची अदलाबदल करण्यासाठी 'कॅटिया' हे दोन भाग आहेत, आणि त्यांच्या साहाय्याने हे जुळवता येते. तरीही माझे मत असे की, पाच-सात माणसांच्या कार्यालयात सेटिंगच्या मागे लागण्यापेक्षा मॅकवर काम करणाऱ्या व्यक्तीला नावात तिरपी रेघ न वापरण्याची विनंती करावी आणि तारीख '१५-०८' अशी लिहावी.

देवनागरी नावे चौकोनांत किंवा तुटक दिसण्याचे एक फसवे ठिकाण म्हणजे विंडोजची जुन्या पद्धतीची काळी कमांड खिडकी. तिला देवनागरीची जोडाक्षरे नीट मांडता येत नाहीत. तेथे नाव मोडके दिसले आणि एक्सप्लोररमध्ये ठीक दिसले, तर बिघाड काहीच नाही.

एकाच नावाच्या दोन फाइली

हा भाग मराठी आणि हिंदी नावे एकत्र नांदणाऱ्या इंदुरासारख्या गावात विशेष महत्त्वाचा आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत तो सापडत नाही. विंडोज आणि लिनक्स यांच्या डिस्का नावाची तुलना दिसण्यावरून करत नाहीत, चिन्हांच्या क्रमांकांवरून करतात. डोळ्याला सारखी दिसणारी दोन नावे क्रमांकांच्या दृष्टीने निराळी असली, तर ती सुखेनैव शेजारी राहतात.

'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धचंद्रासारखा र तीन प्रकारे टंकित होतो. पहिल्या प्रकारात 'ऱ' हे एकच चिन्ह असते. दुसऱ्यात साधा 'र' आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिकली. तिसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह. तिन्ही प्रकारांत पडद्यावर अक्षर तेच उमटते. युनिकोडच्या नियमांनुसार पहिले दोन प्रकार समान मानले जातात: एकत्रित रूप आणि सुटे रूप. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्का नावे नेहमी सुट्या रूपात साठवत. २०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस पद्धत दिलेले रूप जपते, परंतु शोधताना दोन्ही एकच समजते. विंडोज आणि लिनक्स असे काही करत नाहीत.

याचे परिणाम दोन प्रकारचे होतात. रचनाकाराने जुन्या मॅक डिस्कवरून झिप करून किंवा 'आरसिंक' या कॉपी करण्याच्या प्रोग्रामने फाइली नॅसवर ठेवल्या, तर 'दुसऱ्या सत्राचे वृत्त' हे नाव तेथे सुट्या रूपात पोचते. विंडोजवर कोणी तेच नाव एकत्रित रूपात टंकून जतन केले की जुळ्या फाइली तयार होतात. दुसरा परिणाम अधिक चक्रावणारा आहे: मॅक शेअरवरची फाइल मागताना नाव एकत्रित रूपात पाठवतो, सर्व्हरवर मात्र ते सुट्या रूपात असते, मग यादीत नाव दिसते, पण उघडायला गेल्यास ती फाइल सापडत नाही.

हिंदी नावांत उलटा प्रकार होतो. 'सड़क' मधील 'ड़' हे एकच चिन्ह म्हणूनही टंकता येते आणि 'ड' व नुक्ता असे दोन भागांतही; पण युनिकोडने त्याला अपवाद ठरवले असल्यामुळे एकत्रित रूपाकडे नेतानाही तो दोन भागांतच राहतो. म्हणजे प्रमाण एकत्रित रूपात मराठीचा 'ऱ' एक आणि हिंदीचा 'ड़' दोन. एकाच फोल्डरात दोन्ही भाषांची नावे असतील, तर 'सुटे की एकत्र' याचा हाताने विचार करत बसू नये. ते काम प्रोग्रामवर सोपवावे.

तपासण्याची सोपी रीत अशी. सर्व्हरच्या वेबपानावरून संशयित नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावे, फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड चिन्हे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) जतन करावी आणि तिचा आकार पाहावा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे एकत्रित 'दुसऱ्या' २१ बाइटचा भरतो आणि बाकीचे दोन्ही २४ बाइटचे. त्या दोघांत फरक करायचा असल्यास शेवटून बॅकस्पेसने एकेक चिन्ह खोडत यावे: नुक्ता असलेल्या प्रकारात खालची टिकली उघडी पडते, न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या प्रकारात साधा 'र' उरतो.

पहिल्या दोन प्रकारांची फाटाफूट लिनक्सवरील 'कन्व्हएमव्ही' हा प्रोग्राम सर्व नावे प्रमाण एकत्रित रूपात आणून मिटवतो. तो मुळात फक्त काय बदलेल ते दाखवतो. प्रत्यक्ष बदल करण्यासाठी त्याला 'नोटेस्ट' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो, आणि ही सोय फार चांगली आहे. तिसऱ्या प्रकाराला मात्र हा उपाय चालत नाही, कारण युनिकोडच्या लेखी तो शब्दच निराळा आहे. 'ॲडव्हान्स' मधला 'ॲ' एक चिन्ह म्हणून आणि 'अ' ला चंद्र जोडून असा दोन्ही प्रकारे लिहिला जातो, आणि तेथेही हीच अडचण आहे. अशी नावे हातानेच दुरुस्त करावी लागतात. जुळ्या फाइलींपैकी नवी कोणती हे उघडून ठरवावे, आणि तोवर त्या दोन्ही मॅकच्या डिस्कवर एकत्र कॉपी करू नयेत. नुक्त्याच्या जुळ्या असल्यास मॅक त्यांना एकच समजून 'आधीची बदलू का' असे विचारतो, आणि होकार दिला की एक फाइल गेली.

इंग्रजी नावांच्या जुळ्या बहुधा लहान-मोठ्या अक्षरांमुळे होतात. लिनक्स त्यांना वेगळे मानतो, विंडोज मानत नाही, आणि परिणामी विंडोजवर दोन्ही नावांवर क्लिक केले तरी एकच फाइल उघडू शकते. सर्व्हरवर जाऊन एकीचे नाव बदलावे.

नावाच्या लांबीचा प्रश्नही याच हिशेबातून येतो. विंडोज नावात २५५ चिन्हे घेते, तर लिनक्स २५५ बाइट. देवनागरीत त्याची ८५ चिन्हे होतात. संपूर्ण ठराव फाइलच्या नावात लिहिण्याची काही सचिवांना आवड असते. तशी फाइल विंडोजवर असते, पण नॅसवर जात नाही. ईक्रिप्टएफएस पद्धतीने कूटबद्ध केलेल्या शेअरवर तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हांची आहे.

न मागितलेल्या फाइली

ठिपका व अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली मॅक मूळ फाइलीची जादा माहिती ठेवणाऱ्या जोडफाइली म्हणून ठेवतो, आणि फोल्डराच्या मांडणीची नोंद ठेवणारी 'डीएस स्टोअर' ही ठिपक्याची फाइलही त्याचीच. '~$' ने सुरू होणारी नावे म्हणजे वर्ड किंवा एक्सेलमध्ये कोणीतरी ती फाइल उघडून बसले आहे. लिबरऑफिस त्यासाठी '.~' ने सुरू होणारी 'लॉक' फाइल ठेवते. एनएफएसवर उघडी असतानाच पुसलेली फाइल '.एनएफएस' आणि पुढे लांब क्रमांक अशा नावाने काही काळ दिसते आणि ती वापरणारा प्रोग्राम बंद झाला की जाते.

ठिपका-अधोरेषेच्या फाइली सरसकट पुसून टाकाव्यात असे अनेक जण सांगतात. पीडीएफ किंवा छायाचित्रांच्या बाबतीत सहसा बिघडत नाही, पण छापखान्यात थांबावे. मॅकच्या जुन्या 'सूटकेस' प्रकारच्या फॉन्टचा सगळा ऐवज त्या जोडफाइलीत असतो, आणि मूळ फॉन्ट विंडोजवर शून्य बाइटचा दिसतो. तो 'रिकामा' फॉन्ट आणि त्याची जोडफाइल, दोन्हींना हात लावू नये.

फोल्डराचे नावच बदललेले दिसते

सर्व्हरवर प्रत्येक सभासदाच्या नावाचा फोल्डर असताना एक्सप्लोररमध्ये सगळेच 'डॉक्युमेंट्स' या नावाने दिसत असतील, तर कारण आतल्या 'डेस्कटॉप.आयएनआय' या लपलेल्या फाइलमध्ये असते. फोल्डराला कोणते नाव दाखवावे हे विंडोज तिच्यातून वाचते. खरे नाव बदललेले नसते, हे पत्त्याच्या पट्टीवर क्लिक केल्यावर कळते. ती फाइल उघडून नावाची ओळ काढली की खरी नावे परततात. ही दुरुस्ती त्या सभासदाला सांगून करावी.

तारखा, मालक आणि प्रश्नचिन्हे

वेळ बरोबर साडेपाच तासांनी मागे-पुढे दिसत असेल, तर भारतीय वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांची गल्लत आहे. फॅट या जुन्या साठवण पद्धतीच्या पेनड्राइव्हवर स्थानिक वेळ नोंदली जाते आणि वाचणारा तिला प्रमाणवेळ समजतो, तेव्हा असे होते. तारीख १ जानेवारी १९७०, सकाळी साडेपाच, अशी असेल तर वेळेची नोंदच शून्य आहे. विंडोजच्या हिशेबात तेच शून्य १६०१ साली आणि फॅटच्या हिशेबात १९८० साली पडते.

लिनक्सवर एनएफएस शेअरच्या फाइलींचा मालक 'नोबडी' किंवा ४२९४९६७२९४ असा दिसल्यास दोन्ही संगणकांतील वापरकर्त्यांची नावे जुळत नाहीत, आणि एनएफएस ४ मध्ये दोन्हीकडचे डोमेन नाव सारखे केले की बहुधा जुळतात. सविस्तर यादीत परवानग्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर फोल्डर वाचण्याचा अधिकार आहे पण त्यात प्रवेश करण्याचा नाही, असे समजावे.

दुरुस्ती करताना

नाव बदलायचे असेल तेव्हा ते सर्व्हरवर बदलावे, कारण ज्या संगणकाला नाव चुकीचे दिसते त्याच्याकडून ते नीट बदलले जाईल याची खात्री नसते. त्याआधी त्या फोल्डराची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि बदल आधी प्रतीवर करून पाहावा. सांबाच्या सेटिंगला हात लावला असल्यास 'टेस्टपार्म' ही कमांड देऊन त्यात चूक नाही ना हे तपासावे, आणि मग सर्व संगणकांवरून शेअर तोडून पुन्हा जोडावा. जुन्या जोडणीवर जुनेच नियम लागू राहू शकतात, आणि तसे झाले तर झालेली दुरुस्तीही फसली असे वाटते. शेवटी सुरुवातीला घेतलेले यादीचे छायाचित्र समोर ठेवून एका विंडोजवर, एका मॅकवर आणि सर्व्हरवर अशा तिन्ही ठिकाणी फाइलींची संख्या मोजून पाहावी.